स्वीकार आणि परिवर्तन : लिनेहान यांच्या उपचारपद्धतीचा धम्मदृष्टीने परामर्श

टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ साली काही सुत्तांचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा पालि 'सति' या शब्दासाठी त्यांनी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला. पुढे हा शब्द विद्वानांच्या अभ्यासिकेतून निघून रुग्णालयांत, तुरुंगांत आणि आता तर व्यापारी कंपन्यांच्या कचेऱ्यांतही जाऊन पोचला आहे. या घटनेविषयी आपल्या समाजात दोन प्रकारच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. एक प्रतिक्रिया अभिमानाची : पाश्चात्यांना जे आज सुचले, ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले होते. दुसरी संशयाची : दुःखी माणसाला डोळे मिटून बसवायचे आणि त्याच्या दुःखाचे सामाजिक कारण दृष्टीआड करायचे, असा हा डाव आहे. या दोन्ही प्रतिक्रिया मूळ ग्रंथ न वाचताच दिल्या जातात, हे त्यांचे समान वैगुण्य होय. सतीचा वैद्यकीय उपयोग करणाऱ्या पद्धती अनेक आहेत आणि त्या सगळ्यांविषयी एकच निर्णय देता येणार नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच पद्धती परीक्षणासाठी घेतली आहे. ती म्हणजे अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ डॉ. मार्शा लिनेहान यांची 'द्वंद्वात्मक वर्तनोपचार' ही पद्धती. तिचा मूळ ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला, तर लिनेहान यांचे आत्मकथन २०२० साली. ही निवड करण्यामागे एक वैयक्तिक कारणही आहे. ते लेखाच्या ओघात येईल.

विकाराचे स्वरूप

ही पद्धती ज्यांच्यासाठी निर्माण झाली, त्या व्यक्तींच्या आजारास 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार' किंवा 'बॉर्डरलाइन' विकार म्हणतात. पूर्वीच्या मनोविश्लेषकांना हे रुग्ण सौम्य मनोविकार आणि तीव्र मनोविकार यांच्या सीमेवर उभे असल्यासारखे वाटत, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत या विकाराला १९८० साली स्थान मिळाले. त्या पुस्तिकेत आज नऊ लक्षणे दिलेली आहेत आणि त्यांपैकी किमान पाच असल्याशिवाय निदान करता येत नाही. आपल्याला कोणी टाकून जाईल ही सततची भीती, आज ज्याला देवमाणूस मानले त्यालाच उद्या शत्रू ठरविणारे नाते, 'मी कोण' याविषयीची अस्थिरता, आतून पोकळ असल्याची भावना, अनावर क्रोध, क्षणोक्षणी पालटणारी भाववृत्ती, आणि स्वतःच्या देहास इजा करून घेणे किंवा पुनःपुन्हा आत्महत्येचा प्रयत्न करणे ही त्यांतील प्रमुख होत. लिनेहान यांनी या रुग्णांची तुलना सर्वांगी भाजलेल्या माणसाशी केली आहे. त्वचाच न उरलेल्या देहाला वाऱ्याची झुळूकही असह्य व्हावी, तसे या मनाला साधा शब्दही असह्य होतो.

डॉक्टरांच्या जगातही हे रुग्ण दीर्घकाळ नकोसे होते. 'लक्ष वेधून घेण्यासाठी नाटक करणारी बाई' असा शेरा मारून त्यांची बोळवण केली जात असे. या निदानाचा शिक्क्यासारखा उपयोग झाला आणि स्त्रियांच्या बाबतीत तो अधिक झाला, ही टीका निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या नव्या रोगवर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे मोडले असून विकाराची तीव्रता हा मुख्य निकष मानला आहे. 'सीमावर्ती' हा शब्द तेथे केवळ एक विशेषण म्हणून उरला आहे. निदानाच्या नावाविषयी असा वाद असला, तरी त्या नावामागची वेदना वादातीत आहे.

पद्धतीचा जन्म

लिनेहान यांनी २०११ साली एक गोष्ट जाहीरपणे सांगितली. १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्या स्वतःच हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे होत्या. स्वतःला इजा करण्याची अनावर ओढ, एकांतकोठडी, जड औषधे, विजेचे झटके हे सारे त्यांनी भोगले होते. ज्या नरकातून आपण बाहेर पडलो, त्यातून इतरांनाही बाहेर काढावे, असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी हे निवेदन त्याच रुग्णालयात केले, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते.

पुढे मानसशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी आत्महत्येकडे वारंवार झुकणाऱ्या स्त्रियांवर प्रथम शुद्ध वर्तनोपचार करून पाहिला. या उपचाराचा सूर असा की, 'तुमचे वागणे चुकीचे आहे, ते बदला.' रुग्ण स्त्रिया चिडत, उपचार सोडून जात. त्यांना त्या सुरात जन्मभर ऐकलेले वाक्यच ऐकू येई : दोष तुझाच आहे. तेव्हा लिनेहान दुसऱ्या टोकाला गेल्या. त्या केवळ सहानुभूतीने ऐकू लागल्या. पण आपल्या यातना जशाच्या तशा राहणार आणि कोणी केवळ मान डोलावणार, हेही रुग्णांना असह्य झाले. केवळ परिवर्तन चालत नाही आणि केवळ स्वीकारही चालत नाही. दोन्ही एकाच वेळी हवीत, या अनुभवातून ही पद्धती जन्मली. नावातील 'द्वंद्वात्मक' हा शब्द हेगेलच्या परंपरेतला असला, तरी त्यामागची गरज अशी व्यवहारातून आलेली आहे.

स्वीकार कसा शिकवावा याचे उत्तर वर्तनशास्त्राकडे नव्हते. लिनेहान कॅथलिक श्रद्धेच्या. त्यांनी कॅलिफोर्नियातील शास्ता या झेन विहारात आणि पुढे जर्मनीत विलिगिस येगर या बेनेडिक्टाइन साधूकडे झेन साधना केली. परंतु ध्यानाची दीर्घ बैठक आपल्या रुग्णांना पेलणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी ध्यानाचे लहान लहान 'कौशल्यां'त रूपांतर केले. जे घडते आहे ते पाहणे, त्याला शब्द देणे, त्यात सहभागी होणे. आणि हे सारे निवाडा न करता, एका वेळी एकाच गोष्टीवर चित्त ठेवून, परिणामकारकपणे करणे. विचार आणि भावना जेथे एकत्र येतात त्या अवस्थेला त्या 'सुज्ञ मन' म्हणतात.

उपचाराची चार अंगे आहेत : आठवड्यातून एकदा एकट्याने भेट, आठवड्यातून एकदा कौशल्ये शिकविणारा वर्ग, संकटाच्या वेळी उपचारकास दूरध्वनी करण्याची मुभा, आणि उपचारकांची स्वतःची सल्लामसलत मंडळी. वर्गात सतीबरोबरच आणखी तीन विषय असतात : यातना सहन करणे, भावनांचे नियमन करणे आणि माणसांशी परिणामकारक व्यवहार करणे. साधारणपणे हा क्रम वर्षभर चालतो. भेटीत कोणता विषय आधी घ्यावा याचीही उतरंड ठरलेली आहे. जिवावर बेतणारे वर्तन सर्वांत आधी, मग उपचारात अडथळा आणणारे वर्तन, आणि त्यानंतर बाकीचे आयुष्य.

सुत्तांच्या कसोटीवर

आता आमच्या विषयाकडे वळू. लिनेहान यांचे ऋण झेनचे आहे, पालि वाङ्मयाचे नव्हे. त्यामुळे पुढे जी साम्ये आम्ही दाखविणार आहोत, ती उसनवारीचा पुरावा म्हणून नव्हे. दुःखाचा प्रामाणिक शोध घेणारे दोन मार्ग कोठे एकमेकांजवळ येतात, एवढेच पाहावयाचे आहे.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात बाणाने विद्ध झालेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. अज्ञ माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसराही. पहिला देहाच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर तळमळणाऱ्या मनाचा. लिनेहान यांची 'समूळ स्वीकारा'ची शिकवण नेमकी या दुसऱ्या बाणाविषयी आहे. वेदना टळत नसेल तर ती आहे हे मान्य करा. 'हे असे असताच कामा नये' या झगड्यातून यातना वाढते. मज्झिमनिकायातील सब्बासवसुत्त तर याहून व्यापक आहे. त्यात आसवांचा नाश करण्याचे सात उपाय सांगितले आहेत. काही आसव दर्शनाने जातात, काही संवराने, काही योग्य सेवनाने, काही अधिवासनेने म्हणजे सहन करण्याने, काही परिवर्जनाने म्हणजे टाळण्याने, काही विनोदनाने म्हणजे झटकून टाकण्याने आणि काही भावनेने. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तथागतांनी सर्व दुःखांवर एकच मात्रा दिली नाही. मत्त हत्तीपुढे बसून त्याचे निरीक्षण करा, असे ते सांगत नाहीत. तेथून दूर व्हा, असे सांगतात. यातनेचा लोट आला असता चेहऱ्यावर थंड पाणी घेणे, जागा बदलणे, पहिली लाट ओसरेपर्यंत स्वतःला थोपवून धरणे अशी जी कौशल्ये लिनेहान शिकवितात, ती काहींना ध्यानापुढे क्षुद्र वाटतील. सब्बासवसुत्ताच्या वाचकाला ती तशी वाटण्याचे कारण नाही.

तिसरे साम्य 'साखळी-विश्लेषणा'चे. रुग्णाने स्वतःला इजा केली असेल, तर पुढच्या भेटीत त्या घटनेची कडी न् कडी तपासली जाते. त्या दिवशी झोप झाली होती काय, कोणता प्रसंग घडला, मनात प्रथम काय आले, देहात काय जाणवले, मग काय केले, केल्यानंतर काय झाले. या तपासणीत 'तू वाईट आहेस' हे वाक्य नसते, तसेच 'तू दैवाधीन आहेस' हेही नसते. 'हे असता ते होते, हे नसता ते होत नाही' हा जो प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा, तोच येथे एका संध्याकाळच्या प्रसंगाला लावलेला आहे. कडी दिसली की ती तोडण्याची जागाही दिसते. ज्या समाजाला शतकानुशतके आपले दुःख पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे सांगण्यात आले, त्या समाजाला या दृष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आणि शेवटी सोणाची वीणा. अंगुत्तरनिकायात सोण थेर अतिश्रमाने खचून गृहस्थाश्रमात परतण्याचा विचार करतो, तेव्हा तथागत त्याला विचारतात : तार फार ताणली असता वीणा वाजते काय? फार सैल असता वाजते काय? लिनेहान यांची सारी पद्धती म्हणजे ही तार क्षणोक्षणी जुळविण्याची खटपट आहे. रुग्ण आज आपल्या शक्तीप्रमाणे जास्तीत जास्त करीत आहे, हे गृहीत धरायचे. आणि तिने याहून अधिक केले पाहिजे, हेही गृहीत धरायचे. तर्काला ही विसंगती वाटेल. ज्याने कोणाही माणसाला प्रत्यक्ष शिकविले आहे, त्याला ती वाटणार नाही.

पुरावा काय सांगतो

कोणतीही शिकवण परीक्षेविना स्वीकारू नये, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी. म्हणून या पद्धतीचा पुरावाही पाहिला पाहिजे. लिनेहान यांची पहिली तुलनात्मक चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. वर्षभराच्या उपचारानंतर या पद्धतीतील स्त्रियांमध्ये स्वतःस इजा करण्याचे प्रसंग नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले, रुग्णालयातील दिवस घटले आणि उपचार अर्ध्यात सोडणाऱ्यांचे प्रमाणही कमी राहिले. मात्र नैराश्य आणि हताशा यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १०१ स्त्रियांच्या अभ्यासात तुलनेसाठी या क्षेत्रातील तज्ज्ञ उपचारक घेतले होते. तेथेही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण या पद्धतीत सुमारे निम्मे आढळले. परंतु २००९ साली टोरांटो येथील १८० रुग्णांच्या अभ्यासात सुविहित सामान्य मनोवैद्यकीय उपचार आणि ही पद्धती यांच्यात मुख्य फलितांबाबत लक्षणीय फरक निघाला नाही. दोन्हींनी रुग्ण सुधारले. २०२० साली कॉक्रेन संस्थेने ७५ चाचण्यांचा, म्हणजे साडेचार हजारांहून अधिक रुग्णांचा, आढावा घेतला. या पद्धतीने विकाराची तीव्रता आणि स्वतःस इजा करणे कमी होते, असा त्याचा कौल आहे. पण पुराव्याची प्रत कमी दर्जाची असल्याची नोंदही त्यात आहे.

यावरून आमचा निष्कर्ष असा : ही पद्धती चमत्कार नव्हे आणि एकमेव मार्गही नव्हे. पण ज्या रुग्णांविषयी वैद्यकाने हात टेकले होते, ते जगू शकतात आणि सुधारू शकतात, हे तिने चाचणीने दाखविले. एवढे श्रेय निर्विवाद आहे.

आमचे आक्षेप

पहिला आक्षेप शब्दार्थाचा. 'निवाडा न करता पाहणे' हीच सति होय, असे आज सरसकट सांगितले जाते. पालि वाङ्मयास हे मान्य नाही. मिलिंदपञ्हात नागसेन सतीचे लक्षण सांगताना ती कुशल-अकुशलाची आठवण देते, हितकारक काय आणि अहितकारक काय हे उमगून हितकारक तेवढे घ्यावयास लावते, असे सांगतो. म्हणजे सतीत विवेक आहे. लिनेहान यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्यांनी 'निवाडा न करणे' या कौशल्याशेजारीच 'परिणामकारकपणे करणे' हे कौशल्य ठेवले आहे : माझ्या ध्येयाला काय उपकारक, ते कर. अट्ठकथाकारांनी सम्पजञ्ञाचे जे चार प्रकार केले, त्यांतील सात्थक म्हणजे सप्रयोजन आणि सप्पाय म्हणजे आपल्याला मानवणारे, या दोहोंची येथे आठवण होते. तेव्हा बाजारातील माइंडफुलनेसला लागू पडणारा हा आक्षेप लिनेहान यांना अंशतःच लागू पडतो.

दुसरा आक्षेप शीलाचा. या पद्धतीचे ध्येय 'जगण्यायोग्य जीवन' हे आहे आणि ते कोणते हे रुग्णाने ठरवावयाचे आहे. उपचारकाने आपली नीती रुग्णावर लादू नये हे योग्यच. परंतु बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धम्म ही मूलतः सामाजिक गोष्ट असल्याचे प्रतिपादन केले आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नसेल. दोन माणसे एकत्र आली की तो अपरिहार्य ठरतो. या दृष्टीने पाहता 'माझे जगण्यायोग्य जीवन' या शब्दांत दुसऱ्याच्या जगण्याचा अंतर्भाव आपोआप होत नाही. माणसांशी परिणामकारक व्यवहार करण्याची कौशल्ये आहेत. ती उपयुक्तही आहेत. पण मैत्री आणि करुणा ही व्यवहाराची कौशल्ये नव्हेत.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. लिनेहान यांच्या मते हा विकार दोन गोष्टींच्या परस्परक्रियेतून घडतो : जन्मतःच तीव्र असलेली भावनाशीलता आणि 'अमान्य करणारे वातावरण'. मूल सांगते मला दुखते, घर सांगते तुला काही दुखत नाही. मूल सांगते मला भीती वाटते, घर सांगते तू सोंग करतेस. अशा वातावरणात मूल आपल्या अनुभवावर विश्वास ठेवायला शिकत नाही आणि ऐकून घेतले जाण्यासाठी त्याला टोकाला जावे लागते. लिनेहान यांनी मुलींवरील अत्याचार आणि स्त्रियांविषयीचा समाजाचा पूर्वग्रह यांचाही आपल्या ग्रंथात विचार केला आहे, ही त्यांची दृष्टी मान्य केली पाहिजे. पण त्यांच्या उपचाराची सारी अवजारे व्यक्तीच्या हाती दिलेली आहेत. वातावरण मात्र उपचाराच्या कक्षेबाहेर राहते.

आमच्या वाचकांना 'अमान्य करणारे वातावरण' हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. एखाद्या विद्यार्थ्याने जातीवरून अपमान झाल्याचे सांगावे आणि सभोवतालच्यांनी 'आता कोठे आहे जात, तू उगाच मनाला लावून घेतोस' असे म्हणावे, हे वातावरण घराच्या भिंतींपुरते मर्यादित नसते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद येथे रोहित वेमुला यांचा मृत्यू झाल्यानंतर देशभर जो प्रश्न विचारला गेला, तो हाच होता. अशा मृत्यूवर मनोविकाराचे लेबल लावून मोकळे होणे म्हणजे अमान्य करण्याचीच आणखी एक कृती ठरेल. ज्या दुःखाचे मूळ विषमतेत आहे, त्याची औषधयोजना कौशल्यवर्गात पुरी होणार नाही. तेथे कायदा, संघटना आणि संघर्ष यांची गरज आहे.

परंतु येथेच संशयवाद्यांशीही आमचा मतभेद आहे. 'स्वीकार' हा शब्द ऐकताच त्यांना शरणागती आठवते. यथाभूत पाहणे आणि मान तुकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला वर्ज्य आहे, ही वस्तुस्थिती बाबासाहेबांनी नाकारली नाही; ती तिच्या पूर्ण कुरूपतेसह पाहिली आणि म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या तळ्यावर गेले. वस्तुस्थिती मान्य करणे म्हणजे तिला मान्यता देणे नव्हे, हे लिनेहानही आपल्या रुग्णांना वारंवार सांगतात. शिवाय समाज पालटेपर्यंत ज्या मुलीला आजची रात्र काढावयाची आहे, तिला आज रात्री उपयोगी पडेल असे काहीतरी दिले पाहिजे. समाजपरिवर्तनाचे कारण पुढे करून तिला वाट पाहावयास सांगणे हा करुणेचा मार्ग नव्हे.

विहारांपुढील प्रश्न

आता सुरुवातीस सूचित केलेले कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पालि शिकण्यास येणाऱ्या एका तरुण उपासिकेच्या मनगटावर आम्हांस जखमा दिसल्या. तिने फार काही न सांगताही आम्ही समजलो आणि आपल्याला ठाऊक असलेला उपाय सांगितला : रोज तासभर आनापानसतीस बसावे. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "सर, डोळे मिटले की आतला आवाज आणखी मोठा होतो." आम्ही तिला प्रयत्न सोडू नये असे सांगितले. तिचा प्रयत्न कमी पडतो आहे असेच आम्ही तिला सुचविले, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले. सुदैवाने तिच्या थोरल्या बहिणीने तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्या काळात तिने जे सोसले, त्यात आमच्या उपदेशाचाही वाटा होता. लिनेहान यांचा ग्रंथ आम्ही त्यानंतर वाचला.

खरे तर त्यासाठी अमेरिकेतील ग्रंथाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. संयुत्तनिकायातील वेसालीसुत्त आम्ही विद्यार्थ्यांना अनेकदा शिकविले होते. तथागतांनी भिक्खूंना अशुभ-भावना सांगितली आणि ते पंधरा दिवस एकांतात गेले. त्या काळात अनेक भिक्खूंना आपल्या देहाची इतकी किळस वाटू लागली की त्यांनी जीवनाचा अंत केला. परत आल्यावर संघ विरळ का दिसतो असे तथागतांनी विचारले. आनंदाने वृत्तान्त सांगून दुसरा मार्ग देण्याची विनंती केली. आणि तेव्हा तथागतांनी आनापानसति सांगितली. अट्ठकथाकार या मृत्यूंचे कारण त्या भिक्खूंच्या पूर्वजन्मीच्या कर्मात शोधतात. ते स्पष्टीकरण आम्हांस पटत नाही. सुत्ताचा बोध सरळ आहे : योग्य साधनाही अयोग्य मनाला घातक ठरू शकते, आणि तशी ती ठरल्यास दोष साधकाला न देता साधना बदलावी. शास्त्याने आपली शिकवण बदलली. आम्ही मात्र आमचा उपदेश बदलला नव्हता.

अनात्मवादाबाबतही हीच दक्षता हवी. ज्या व्यक्तीला 'मी कोण' हेच उमगत नाही, आतून पोकळ वाटते, तिला 'आत्मा नाहीच' असे सांगणे म्हणजे धम्मदान नव्हे. वच्छगोत्ताने आत्मा आहे काय असे विचारले तेव्हा तथागत मौन राहिले. नाही काय असे विचारले तेव्हाही मौन राहिले. आनंदाने कारण विचारता त्यांनी सांगितले की, नाही म्हटले असते तर आधीच गोंधळलेला वच्छगोत्त अधिकच गोंधळला असता. सिद्धान्त खरा असणे पुरेसे नाही. तो कोणाला आणि केव्हा सांगावयाचा, हेही पाहावे लागते.

मग विहाराने करावे काय? याचे उत्तर थेरीगाथेच्या अट्ठकथेतील पटाचारेच्या कथेत आम्हांस दिसते. पती, दोन्ही मुले, आईवडील आणि भाऊ गमावलेली ती स्त्री भान हरपून विवस्त्र फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत. तथागतांच्या सभेतही तिला अडविले गेले. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. त्यांनी तिला 'भगिनी' म्हटले आणि सति परत मिळव असे सांगितले. ती भानावर आली, कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले, आणि मग उपदेश झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम जवळ येऊ देणे, मग नाते, मग वस्त्र, मग धम्म.

आपल्या विहारांत दर रविवारी माणसे जमतात, मुलांचे वर्ग चालतात, शिबिरे भरतात. जाणते शिबिर-आयोजक प्रवेशापूर्वी मानसिक आजाराची चौकशी करतात, ते योग्यच आहे. ती चौकशी सर्वत्र झाली पाहिजे. पण नुसते नाव वगळून भागणार नाही. वगळलेल्या व्यक्तीला कोठे पाठवावयाचे हेही ठाऊक हवे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालील व्यक्ती मानले आहे आणि मानसिक उपचार हा तिचा हक्क ठरविला आहे. १४४१६ ही 'टेली-मानस' दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून देशभर विनामूल्य आहे. हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी लिहावा. आपल्यातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचे रीतसर शिक्षण घ्यावे आणि त्यातील कौशल्ये आपल्या बोलीत आणावीत. 'अमान्य करणारे वातावरण' म्हणजे काय, हे त्यांच्याइतके नेमके कोणाला सांगता येईल?

लिनेहान यांची पद्धती म्हणजे धम्म नव्हे. तिच्यात शीलाचा पाया अपुरा आहे आणि समाजाची चिकित्सा अपुरी आहे. ती उणीव भरून काढण्याची सामग्री बाबासाहेबांनी आपल्या हाती दिली आहे. परंतु बुडणाऱ्या माणसापर्यंत हात कसा पोचवावा, हे त्या बाईंनी आपल्यापेक्षा बारकाईने पाहिले, हेही आपण मान्य केले पाहिजे. आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढे पालिची पदविका पूर्ण केली. ती आजही तासभर ध्यानास बसत नाही. सकाळी पाच मिनिटे उघड्या डोळ्यांनी चालते. तिला तेवढे मानवते, आणि आम्ही आता तिला त्याहून अधिक सुचवीत नाही.